‘उद्या मोकळा आहेस का?’ : मुंबईत वादक म्हणून पाय रोवताना

रात्री साडेदहाला फोन वाजला. पलीकडून एक दादा, आवाजात घाई. "अरे, उद्या मोकळा आहेस का? ठाण्याला शो आहे. आमच्या कीबोर्डवाल्याच्या वडिलांना अ‍ॅडमिट केलंय." साल २००६. मी डोंबिवलीत राहायचो, एका ऑफिसात डेटा एंट्री करायचो आणि मी कीबोर्ड वाजवतो हे जेमतेम वीस माणसांना ठाऊक होतं. एकही प्रश्न न विचारता मी "हो" म्हणालो. नाईट, म्हणजे एका कार्यक्रमाचं मानधन, मिळाली चारशे रुपये. कार्यक्रमात एका गायिकेसाठी ट्रान्सपोजचं बटण दाबून कीबोर्ड अर्धा स्वर वर नेला होता, तो पुढच्या गाण्याला खाली आणायला विसरलो. गायक पांढरी चार या पट्टीत, मी काळी तीनमध्ये. सुरुवातीचा पीस मी एकट्यानेच वाजवला, त्यामुळे तो गोड लागला. गायकाने तोंड उघडलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानावर हात ठेवला.

तरीही पंधरा दिवसांनी त्याच दादांचा पुन्हा फोन आला. कारण विचारलं तर म्हणाले, "तू वेळेवर आलास, आणि चुकल्यावर चेहरा पाडून बसला नाहीस."

मुंबईत वादकाचं पोट या एका फोनवर चालतं. इथे जाहिरात निघत नाही, मुलाखत होत नाही. कुणीतरी आजारी पडतं, कुणाची तारीख दुसरीकडे अडकते, आणि संयोजक आठवायला लागतो की आता कुणाला सांगावं. तुमचं नाव त्याला त्या क्षणी आठवलं पाहिजे, आणि आठवल्यावर त्याला धास्ती वाटता कामा नये. हा लेख तेवढ्यापुरताच आहे : तो फोन यावा म्हणून काय करायचं, आला की काय विचारायचं आणि वाजवून घरी आल्यावर पैशाचं काय करायचं. रियाज कसा करावा हे तुमच्या गुरूंनी सांगावं, तो माझा प्रांत नाही.

पहिली पायरी : काम कुठे असतं ते फिरून बघा

नव्या मुलांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं असतात. एक सिनेमाचा स्टुडिओ, दुसरं स्वतःचा बँड. मधला सगळा बाजार त्यांना दिसत नाही, आणि भाडं त्या मधल्या बाजारातूनच निघतं.

दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी आणि घाणेकर, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, कल्याणचं अत्रे, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, वाशीचं विष्णुदास भावे, या नाट्यगृहांत जुन्या गाण्यांचे वाद्यवृंद सतत होत असतात. मंडळांचे गणेशोत्सवातले कार्यक्रम, नवरात्रातल्या गरब्याच्या रात्री, दिवाळी पहाट, शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नातलं संगीत, हॉटेलच्या लाउंजमधला एकटा गिटारवाला, मालिकांचं पार्श्वसंगीत, जाहिरातींच्या जिंगल, कथक-भरतनाट्यमच्या क्लासला साथ. लालबाग-परळपासून भांडुपपर्यंत डबलबारी भजनांचा, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांचा, वेगळाच संसार आहे, तिथे चांगल्या पखवाजवाल्याला श्रावण-भाद्रपदात श्वास घ्यायला उसंत नसते. गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीला नाकं मुरडणारे खूप भेटतील. मी ज्यांच्याकडून ऑक्टोपॅडवर (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) हात सोडायला शिकलो ते सगळे बेंजो पार्टीतून आलेले होते. चालत्या ट्रकवर सहा तास ठेका न पडू देणं ही काय खायची गोष्ट आहे?

स्टुडिओचं म्हणाल तर ते दिवस बदललेत. साठ-सत्तरच्या दशकात एका गाण्याला व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा बसायच्या. गोव्याहून आलेले वादक स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, लिहून देत, सेबॅस्टियन डिसोझांसारखे अ‍ॅरेंजर सगळा ताफा बांधत, आणि प्रभाकर जोगांसारख्या व्हायोलिनवादकाला सकाळ-संध्याकाळ रेकॉर्डिंग असे. नंतर सिंथेसायझर आला, मग कॉम्प्युटर, आणि त्या रांगा एका पेनड्राइव्हमध्ये मावल्या. काम संपलेलं नाही. पण आता स्टुडिओत बोलावतात ते ज्याचं वाद्य मशीनमधून नीट निघत नाही त्याला : बासरी, सारंगी, ढोलकी, मेंडोलिन, खरी गिटार. तुम्ही कीबोर्ड वाजवत असाल, तर नुसतं वाजवून भागणार नाही, प्रोग्रॅमिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर संगीत बांधणं, शिका.

महिनाभर दर आठवड्याला एक कार्यक्रम तिकीट काढून बघा. गायकाकडे बघू नका, मागे बघा. कोण कुणाला खूण करतो, चुकलं की कोण सावरतो, ब्लॅकआउट झाल्यावर कोण आधी हलतो.

दुसरी पायरी : फोन येण्याआधीच तयार असा

पट्टी, म्हणजे गायकाचा ‘सा’ ज्या स्वरावर असतो तो. यात नवे लोक मार खातात. मराठी गायक तुम्हाला "सी शार्प" म्हणणार नाही, "काळी एक" म्हणेल. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, काळी पाच म्हणजे ए शार्प, हे झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. वेस्टर्न शिकून आलेली मुलं इथे गडबडतात, आणि पेटीवर वाढलेली मुलं "डी मायनर" ऐकून गडबडतात. दोन्ही भाषा यायला हव्यात, कारण एकाच कार्यक्रमात गायक पट्टी सांगतो आणि गिटारवाला कॉर्ड विचारतो. आणि हो, ट्रान्सपोजचं बटण प्रत्येक गाण्यानंतर शून्यावर. माझ्या कीबोर्डवर अजून त्या बटणाशेजारी लाल चिकटपट्टी आहे.

ठेके. दादरा, केरवा, रूपक, भजनी, खेमटा, लावणीचा ठेका, कोळीगीताची झुलती लय. तबला-ढोलकीवाल्यांना हे सांगायची गरज नाही, पण ड्रम्स, बेस आणि गिटारवाल्यांना आहे. सहा मात्रांचा दादरा चार मात्रांसारखा मोजणारा बेसवाला पूर्ण गाणं लंगडं करतो.

गाण्यांची वही. सुरुवातीला शंभर गाणी : भावगीतं, भक्तिगीतं, कोळीगीतं, लावण्या, नाट्यगीतं, आणि हिंदीतली साठ ते नव्वदच्या दशकांतली. प्रत्येकाची मूळ पट्टी, लय, सुरुवातीचा पीस, अंतऱ्याआधीचे पीस आणि शेवट कसा होतो ते. मोबाइलमध्ये ठेवलंत तरी हरकत नाही, पण प्रकाशयोजनेच्या निळ्या उजेडात कागदावरची जाड अक्षरं मला तरी जास्त भरवशाची वाटतात. हे काम सहा महिन्यांचं आहे. कंटाळवाणं आहे. याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

वाद्य. पहिल्या कमाईआधी कर्ज काढून महागडं वाद्य घेऊ नका. धोबीतलावला फुर्टाडोज किंवा दादरला हरिभाऊ विश्वनाथकडे जाऊन हात लावून बघा, मग जुना माल शोधा. वादक मंडळी दर दोन-तीन वर्षांनी वाद्य बदलतात आणि ओळखीत स्वस्तात देतात. घेताना एकच कसोटी लावा : हे उचलून मी दोन जिने चढू शकतो का?

तिसरी पायरी : नाव कानावर पडू द्या

सुरुवात बदली वादक म्हणून होते. तेव्हा ज्याची बदली व्हायचं त्याच्याशीच आधी ओळख करा, संयोजकाशी नंतर. तुमच्याच वाद्याचे चार-पाच अनुभवी वादक हेरा, कार्यक्रम संपल्यावर त्यांना भेटा, सामान उतरवायला हात लावा आणि सरळ सांगा, "दादा, मी कीबोर्ड वाजवतो. कधी अडलं तर सांगा. एकदा तुमच्या मागे बसून बघू का?" बहुतेक जण हो म्हणतात. विंगेत बसून तीन कार्यक्रम बघितलेत की त्या कार्यक्रमाचा क्रम तुम्हाला पाठ होतो, आणि त्या दादांचं मूल आजारी पडलं की ते स्वतःच तुमचं नाव सुचवतात, कारण त्यांचीही अब्रू तुमच्यावर अवलंबून असते.

व्हिडिओ लागतोच. एक मिनिटाचे तीन पुरेत : एकात तुम्ही एकटे, एकात गायकाला साथ, एकात पूर्ण ताफ्यासोबत. हात दिसू द्या. मागे धबधब्याचं चित्र आणि स्वतःचं नाव सोनेरी अक्षरात टाकण्याचा मोह आवरा. संयोजक ते लोकलमध्ये उभ्याने बघतो, त्याला फक्त तुमची लय आणि टोन ऐकायचा असतो.

बाकी प्रमाणपत्रांविषयी थोडक्यात. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा किंवा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड शिकवणीसाठी कामाच्या आहेत. रंगमंचावर आजवर मला कुणी विशारद झालायस का विचारलेलं नाही.

चौथी पायरी : होकार देण्याआधी विचारा

फोन आला. आता घाई करू नका. "दादा, एक मिनिट, वही घेतो" म्हणा. या एका वाक्याने तुम्ही हौशी नाही हे समोरच्याला कळतं.

विचारायचं ते असं. तारीख आणि रिपोर्टिंगची वेळ, म्हणजे कार्यक्रमाची नव्हे, पोहोचण्याची. ठिकाण नक्की कुठे. "ठाण्याला" म्हणजे गडकरी की घोडबंदरचं एखादं रिसॉर्ट, यात दीड तासाचा फरक आहे. गाण्यांची यादी कधी मिळेल आणि पट्ट्या कोण कळवणार. तालीम आहे का, असली तर तिचे वेगळे पैसे की नाईटमध्येच. माझ्यासोबत ताफ्यात कोण कोण आहे. साउंडवाला अ‍ॅम्प, स्टँड, डीआय बॉक्स (वाद्य साउंड सिस्टिमला जोडायची डबी) देणार की आपलं आपण आणायचं. गाडीभाडं कोण देणार, रात्री उशीर झाला तर सोडायची सोय आहे का. कपडे काय. आणि शेवटी, न लाजता : "नाईट किती आणि कधी मिळेल?"

हा शेवटचा प्रश्न मराठी मुलाच्या घशात अडकतो. कलेचे पैसे मागायचे कसे, असं आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. मी पहिली तीन वर्षं विचारलंच नाही. एका बड्या आयोजकाकडे सलग चार दिवाळी पहाट वाजवल्या, पैसे "हिशेब झाला की" मिळणार होते. तो हिशेब अजून चालू आहे. त्यानंतर मी वाजवण्याआधी निम्मे घेतो. ओळखीतल्या संयोजकाकडून नाही घेत, पण त्याच्याकडून त्याच रात्री पाकीट घेतो.

बोलणं झालं की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवा : "दादा, नमस्कार. १४ तारीख, दीनानाथ, रिपोर्टिंग दुपारी ३, नाईट अमुक, गाडीभाडं वेगळं, कार्यक्रम संपल्यावर. यादीची वाट बघतो." समोरून अंगठा आला तरी चालेल. हा तुमचा करार. त्यात कुणाला अपमान वाटत नाही, उलट बहुतेकांना बरं वाटतं, कारण त्यांनाही दहा जणांशी ठरलेलं लक्षात ठेवायचं असतं.

नाईट किती सांगायची? दर वाद्यागणिक आणि कार्यक्रमागणिक बदलतात, म्हणून आकडा सांगत नाही, हिशेब सांगतो. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास मोजा, त्यात गाणी बसवायला लागलेले तास मिळवा, नाईटमधून प्रवास आणि खाण्याचा खर्च वजा करा. उरलेले पैसे तासांनी भागा. उत्तर तुम्ही शिकवणीला जो तासाचा दर घेता त्याच्या निम्म्यावर आलं, तर ते काम फक्त ओळख वाढवण्यासाठी करताय हे स्वतःशी कबूल करा. अशी कामंही करावीत, वर्षातून मोजकी. फुकट वाजवायचं असेल तर ते तुमच्या गुरूंच्या कार्यक्रमात आणि तुमच्या वाडीच्या गणपतीत. "एक्स्पोजर मिळेल" असं सांगणाऱ्याच्या कार्यक्रमात मंडपवाला, कॅटरर आणि फुलवाला यांना पैसे मिळतातच, एवढं बघून घ्या.

एक भाषेची गंमत. या धंद्यात ठरलेल्या कार्यक्रमाला ‘सुपारी’ म्हणतात. भर गर्दीच्या लोकलमध्ये "या आठवड्यात दोन सुपाऱ्या वाजवल्या, तिसरीचे पैसे बाकी आहेत" असं फोनवर मोठ्याने बोलू नका. मी बोललोय. समोरचा माणूस मुलुंडला उतरायच्या ऐवजी भांडुपलाच उतरला.

पाचवी पायरी : कार्यक्रमाचा दिवस

आधी प्रवास. कीबोर्ड किंवा गिटार घेऊन सकाळी आठच्या सीएसएमटी लोकलमध्ये डोंबिवलीहून चढायचा विचारही करू नका. लगेज डबा आहे, त्यात वाद्य उभं धरून कोपऱ्यात राहता येतं, आणि मासळीच्या पाट्यांपासून दूर उभं राहायची कला चार फेऱ्यांत येते. मध्य रेल्वेवरून अंधेरी-वर्सोव्याच्या स्टुडिओंत जायचं असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो पकडा. २०१४ मध्ये ती सुरू झाल्यापासून दादर फिरून जायचा वनवास संपला. परतीचं गणित आधी करून ठेवा. शेवटच्या लोकल मध्यरात्रीनंतर सुटतात खऱ्या, पण सामान आवरून स्टेशन गाठेपर्यंत त्या निघून जातात. ताफ्यातलं तुमच्या बाजूचं कोण गाडीने जातंय ते साउंडचेकलाच विचारून ठेवा.

पिशवीत काय असावं : दोन जॅक केबल जास्तीच्या, अ‍ॅडॉप्टर जास्तीचा, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, काळी टेप, सेल, छोटा टॉर्च, सगळे टोन आणि लूप भरलेला पेनड्राइव्ह, पावसाळ्यात जाड प्लॅस्टिक. एक काळा शर्ट आणि एक पांढरा कुर्ता, दोन्ही. ड्रेसकोड आयत्या वेळी बदलतो आणि निळ्या चौकड्याच्या शर्टातला एकटा वादक पूर्ण व्हिडिओत दिसत राहतो.

साउंडवाल्याशी गोड बोला. तो चिडला तर तुमचा मॉनिटर, म्हणजे तुमच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, मरतो, आणि स्वतःला ऐकू येत नसताना कुणीही चांगलं वाजवू शकत नाही. त्याचं नाव विचारा, आपला आवाज द्यायला सांगेल तेव्हाच वाजवा, बाकीच्यांचा साउंडचेक चालू असताना मागे आपली हरकत घोटत बसू नका. नव्या वादकाविषयीची जेवढी गाऱ्हाणी माझ्या कानावर येतात त्यांत निम्मी हीच असतात.

मोकळ्या मैदानातला कार्यक्रम असेल तर रात्री दहाचं भान ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या भोवती सरकारने जाहीर केलेलं शंभर मीटरचं शांतता क्षेत्र असतं. धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह, जिथे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवात पोरं रात्र रात्र घाम गाळायची, ते याच शांतता क्षेत्राच्या कचाट्यात सापडून मुकं झालं. तुमच्यापुरता याचा अर्थ एवढाच : यादीतली शेवटची तीन गाणी हमखास कापली जातात. तुमचा सोलो शेवटच्या गाण्यात ठेवू नका.

सहावी पायरी : घरातून रेकॉर्डिंग

आता निम्मं स्टुडिओचं काम घरून होतं. संगीतकार ट्रॅक पाठवतो, तुम्ही वाजवून परत पाठवता. लॅपटॉप, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइक-वाद्य कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र), एक कंडेन्सर माइक आणि बंद हेडफोन एवढ्यावर सुरुवात होते. खोलीचा प्रश्न मोठा. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही आणि खालची भाजीवाली ट्रॅकमध्ये येतात. उघडं गोदरेजचं कपाट कपड्यांनी भरलेलं ठेवून त्याच्या दारात बसून बासरी रेकॉर्ड करणारा एक जण मला माहीत आहे. निकाल उत्तम येतो. वेळ रात्री साडेअकरानंतरची.

पाठवताना या गोष्टी पाळा. वेव्ह फाइल, २४ बिट, आणि संगीतकाराचा प्रोजेक्ट ज्या सॅम्पल रेटला आहे त्यालाच. मालिका-चित्रपटाचं काम सहसा ४८ किलोहर्ट्झला असतं, पण विचारून घ्या. फाइल गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून सुरू करा, तुमचा पीस दुसऱ्या मिनिटाला असला तरी, म्हणजे त्याला ती नेमकी जागेवर बसवता येते. इफेक्ट न लावलेली कोरडी फाइल द्या, वाटल्यास इफेक्टवाली वेगळी. दोन किंवा तीन टेक पाठवा, दहा नकोत. निवडणं हे तुमच्याही कामात येतं. फाइलच्या नावात गाणं, वाद्य, बीपीएम (मिनिटाला किती ठोके), पट्टी. "फायनल_फायनल_२" नावाच्या फाइली पाठवणाऱ्याला मी स्वतः दुसऱ्यांदा काम दिलेलं नाही.

आणि किती वेळा बदल फुकट करून देणार ते आधीच सांगा. मी दोन वेळा म्हणतो. हे न सांगितल्यामुळे एका जिंगलचे वीस सेकंद मी अकरा वेळा वाजवलेत.

चित्रपटाच्या रेकॉर्डिंगला जायला लागलात की सिने म्युझिशियन्स असोसिएशनच्या सभासदत्वाची चौकशी करा. ही वादकांची जुनी संघटना आहे, आणि पैसे अडकले की एकट्या वादकाच्या फोनपेक्षा संघटनेच्या पत्राला वजन असतं.

सातवी पायरी : बँड काढायचाय?

काढा. पण पोट बँडवर ठेवू नका, निदान पहिली चार-पाच वर्षं. हिशेब बघा. समजा पाच जणांच्या बँडला एका पबमध्ये पंचवीस हजार ठरले. दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापून हातात साडेबावीस. दोन तालमींचं जॅम रूमचं भाडं तीन हजार, टेम्पो अडीच हजार, स्वतःचा साउंडवाला तीन हजार. उरले चौदा. माणशी दोन हजार आठशे, तीन संध्याकाळींचे. वाद्यवृंदात बदली म्हणून गेलेला ढोलकीवाला एका संध्याकाळीत यापेक्षा फार मागे नसतो.

तरी बँड हवा, कारण स्वतःचं गाणं तिथेच होतं. फक्त पहिल्याच महिन्यात, मैत्री ताजी असताना, एका कागदावर लिहून सह्या करा. बँडचं नाव कुणाचं. कुणी सोडून गेला तर तो ते वापरू शकतो का. गाणं कुणाच्या नावावर, म्हणजे शब्द कुणाचे, चाल कुणाची, आणि बसवण्यात हातभार लावणाऱ्यांना किती टक्के. खर्च आधी कापायचा की वाटणीनंतर. बँडच्या पैशातून घेतलेला स्पीकर कुणाच्या घरी राहणार. आमच्या बँडने यातलं काहीच लिहिलं नव्हतं. बँड २०११ मध्ये मोडला आणि मिक्सर अजून एकाच्या माळ्यावर आहे, त्याची बायको त्यावर पापड वाळवते.

आठवी पायरी : पाकीट, बिल आणि हक्क

एक वही किंवा एक्सेल शीट : तारीख, कुणाचा कार्यक्रम, ठरलेले, मिळालेले, बाकी, प्रवासखर्च. रोख पाकीट मिळालं तरी नोंद करा. बँकेत उत्पन्न दिसत नसेल तर पुढे घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज मागायला जाल तेव्हा बँकवाला तुमच्या टाळ्या मोजणार नाही.

कंपन्या आणि इव्हेंटवाले बिल मागतात. बिलावर नाव, पत्ता, पॅन, कामाचं वर्णन, तारीख, रक्कम, बँक खातं. व्यावसायिक मानधनावर साधारण दहा टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिला नाहीत तर वीस. हा पैसा बुडालेला नसतो, तुमच्या नावावर सरकारजमा होतो आणि तुमचा कर तेवढा नसेल तर रिटर्न भरल्यावर परत येतो. वर्षानुवर्षं रिटर्न न भरता ही रक्कम सोडून देणारे कितीतरी वादक मी पाहिलेत. जीएसटीची नोंदणी सेवेसाठी वर्षाला वीस लाखांच्या वर गेलात की लागते. शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या सादरीकरणाला मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. बाकी तपशील सीएला विचारा, त्याची फी एका नाईटपेक्षा जास्त नसते.

हक्कांचं बोलायचं तर, तुम्ही चाल लावत असाल किंवा गीत लिहीत असाल तर गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुठल्याही कागदावर सही घेऊन कायमचा काढून घेता येत नाही. सगळे हक्क एकरकमी दिले असं लिहिलेला करार पुढे आला तर गोंधळू नका, पण वाचल्याशिवाय सहीही करू नका. गायक आणि वादक म्हणून जे सादरीकरणाचे हक्क असतात त्यांच्यासाठी वेगळी संस्था आहे, इंडियन सिंगर्स अँड म्युझिशियन्स राइट्स असोसिएशन. आणि दुसऱ्यांची गाणी रंगमंचावर वाजवायचा परवाना काढणं हे आयोजकाचं काम आहे. आयोजक ते तुमच्या गळ्यात घालू पाहील तर नम्रपणे नकार द्या.

नववी पायरी : रिकामे महिने

वादकाचं वर्ष पंचांगावर चालतं. गणपती, नवरात्र, दिवाळी, मग डिसेंबर-जानेवारीची स्नेहसंमेलनं आणि पार्ट्या, मग लग्नसराई. जून-जुलै कोरडे, पितृपक्षाचे पंधरा दिवस तर पूर्ण शांत. अधिक महिना आला की लग्नं आणखी लांबतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की मंडळांचे कार्यक्रम एका रात्रीत रद्द होतात. दिवाळीच्या कमाईतला तिसरा हिस्सा जूनसाठी बाजूला काढा, वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्ड खिशात नसतं.

नोकरी कधी सोडायची? मी २०१३ मध्ये सोडली, सात वर्षांनी. माझं गणित असं होतं : लागोपाठ दोन पावसाळे शिकवणी आणि रेकॉर्डिंगवर घरखर्च निघाला तर. नवरात्रातल्या कमाईवरून निर्णय घेऊ नका; नवरात्रात प्रत्येकाला वाटतं की आपण आता उडणार. शिकवणी सोडू नका. सकाळचे दोन तास आणि आठ-दहा विद्यार्थी एवढ्याने विजेचं बिल, रेशन आणि मनाची शांतता सांभाळली जाते. पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की कार्यक्रमाच्या दिवशी क्लास दुसऱ्या दिवशी होईल, आणि मग तो खरंच घ्या.

शेवटी, फोन आला आणि तुम्ही मोकळे नसाल तेव्हा. "नाही जमणार" एवढंच म्हणून ठेवू नका; दोन नावं आणि नंबर द्या, आणि ज्यांची नावं दिलीत त्यांना लगेच कळवा. कुणाची बदली म्हणून गेलात तर त्याच्या संयोजकाला मागच्या दाराने "पुढच्या वेळी मलाच सांगा, कमीत येतो" असं म्हणू नका. हे शहर मोठं आहे, पण वादकांचं गाव चार गल्ल्यांचं आहे, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं. २००६ मध्ये ज्याच्या जागी मी ठाण्याला वाजवलं, त्याची गाण्यांची वही त्याच्या बायकोने मला स्टेशनवर आणून दिली होती. वडील घरी आल्यावर मी ती परत द्यायला गेलो, मला जमलेल्या दोन नव्या पट्ट्या पेन्सिलने समासात लिहून. त्याने वही उघडून बघितली, काही बोलला नाही, चहा मागवला. पुढच्या महिन्यात एक फोन त्यानेच केला. "उद्या मोकळा आहेस का?"